काल्याचा घास आणि मनातली धास्ती

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस असलेल्या आमच्या एका वाचकाचे पत्र मध्यंतरी आले. गृहस्थ माळकरी. मूळचे मराठवाड्यातले, पोटासाठी इकडे आलेले. दोन खोल्यांत आई, पत्नी आणि साडेतीन वर्षांची मुलगी असा संसार. एकादशीची आळंदी सहसा चुकू देत नाहीत. गेल्या पावसाळ्यात मुलीचे पोट बिघडले, अंग धरीना, आणि एके दिवशी शौचावाटे जंत पडले. डॉक्टरांनी गोळी दिली. पोर बरी झाली, खेळू-हसू लागली. परंतु बापाच्या मनात शिरलेला जंत काही पडला नाही.

तेव्हापासून पाण्याचा पेला हातात घेतला की त्यात काही वळवळते आहे असे त्यांना वाटते. कोथिंबीर सुटली, काकडी सुटली, बाहेरचा चहासुद्धा सुटला. मुलीला अंगणात सोडवत नाही. इंद्रायणीत पाय घालवत नाही. आणि सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या वेळी एका म्हाताऱ्या माळकऱ्याने त्यांच्या तोंडाशी घास नेला, तेव्हा यांनी मान फिरवली. म्हातारबुवा हसले आणि घास दुसऱ्याच्या मुखी घालून पुढे गेले. त्या रात्री यांना झोप लागली नाही. ते विचारतात, ही आपली भक्ती उणी झाली म्हणावी, की शहाणपण वाढले म्हणावे?

हा प्रश्न त्या एका गृहस्थांचा नाही, म्हणून त्याला खाजगी उत्तर न पाठविता येथे लिहीत आहो. पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, तळवडे, चाकणपर्यंत आज लाखो माणसे अशीच दाटीने राहतात. त्यांच्यात टाळकरी आहेत, हरिपाठाची मंडळे आहेत, गृहसंस्थांच्या दिंड्या आहेत. एकीकडे देहूचे आणि आळंदीचे शेजार लाभलेले, दुसरीकडे टँकरचे पाणी आणि तुंबलेली गटारे. येथे ज्याला चार पुस्तके वाचता येतात त्याला रोगाचे ज्ञान होते, आणि ज्ञान झाले की भीतीही होते. अशा माणसाने जगण्याची गोडी कशी राखावी?

याला घाईची उत्तरे दोन आहेत, आणि दोन्ही आपल्याला घाटावर ऐकू येतात.

पहिले असे की, "देवाचं पाणी आहे हो, त्याला काय होतंय!" असे म्हणून मंडळी ओंजळ भरतात आणि पिऊन टाकतात. बोलणारा भाविक असतो यात शंका नाही. पण नदीकडे जरा डोळे उघडून पाहावे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. कामशेत, इंदुरी, देहू, मोशी अशी गावे घेत आळंदीस येते आणि पुढे तुळापुरास भीमेला मिळते. या वाटेवर गावांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात किती येते हे सांगण्यास आता पंडित नको. आळंदीच्या घाटाशी पांढऱ्या फेसाचे थरच्या थर तरंगताना गेल्या काही वर्षांत सर्वांनी पाहिले आहेत. ऐन वारीच्या तोंडावरही पाहिले आहेत. इंद्रायणी आपली आई आहे, हे आम्ही शंभरदा म्हणू. पण आई आजारी पडली असता जो मुलगा म्हणतो, माझ्या आईला आजार होणेच शक्य नाही, आणि तसाच तिच्या अंगावर चढून बसतो, त्याला मातृभक्त कोण म्हणेल? चांगला मुलगा आधी वैद्याकडे धावतो. आईचे दूध काही दिवस न पिणे म्हणजे आईला टाकणे नव्हे.

दुसरे उत्तर शिकलेल्या मंडळींचे. ते म्हणतात, तीर्थ बंद करा, काला बंद करा, पंगत बंद करा, गर्दीत जाऊच नका. यात चूक शोधू गेले तर पटकन सापडत नाही. घरात दारे लावून बसलेल्या माणसाला जंत होण्याचा संभव कमी, हे खरेच आहे. पण हिशेबाचे एकच पान वाचून ही मंडळी वही मिटतात. देह कशासाठी राखायचा, हे त्या वहीत लिहिलेलेच नसते. वारकऱ्याने देहाचा तिरस्कार कधी केला नाही. वनात जाऊन देह झिजवा, असे आपल्या संतांनी सांगितले नाही. प्रपंच करा, पिठलं-भाकरी खा, टाळ वाजवा, फुगड्या घाला, आणि या देहानेच नाम घ्या, अशी आपली रीत. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. तोच न्याय भीतीलाही लागू करावा असे आम्हांस वाटते. मुळीच भीती न बाळगणारा आणि दिवसरात्र भीतीच चघळणारा, दोघांचाही देह देवाच्या कामी येत नाही.

आता हे जंत, हे सूक्ष्म जीव आहेत तरी काय, ते थोडे नीट पाहू. भीती बहुधा अर्धवट माहितीवर पोसते.

गोल जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत जातात आणि तिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. मातीचा हात, न धुतलेली भाजी, वाढलेली नखे, एवढ्या वाटेने ती पोटात येतात. अंकुशासारखा तोंडाचा दुसरा एक जंत आहे. तो बहुधा तोंडाने येत नाही, तळपायाने येतो. लोक परसाकडे बसतात अशा ओल्या जमिनीवर अनवाणी पाय पडला की त्याची बारीक पिले कातडीतून आत शिरतात, आणि मग तो आतड्याला चिकटून रक्त पितो. बाया-पोरे पांढरीफटक दिसतात त्याचे हेही एक कारण असते. आव पाडणारा अमीबा पाण्यातून आणि अन्नातून येतो. त्याचे कवच असे चिवट की पाण्यात टाकायच्या औषधाच्या थेंबांनाही तो बऱ्याचदा दाद देत नाही. खळखळून उकळीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. तुरटी फिरवली की पाणी नितळते, निर्जंतुक होत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. पुष्कळ घरांतून तसा समज आहे.

यांपैकी बहुतेकांवर सोपा उपाय आहे. लहान मुलांच्या जंतांसाठी शासनाने २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला आहे. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना अंगणवाडीत आणि शाळेत गोळी फुकट मिळते. एका गोळीचे दुखणे आहे हे, जन्माचे नव्हे. मुलीला जंत झाले म्हणून बापाने स्वतःला गुन्हेगार समजण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

परंतु एका जंताची गोष्ट वेगळी आहे. ती प्रत्येक माळकऱ्याने ऐकावी, कारण आपल्यातल्या पुष्कळांचा समज असा की, आम्ही अभक्ष्य खात नाही, मग आम्हांला कसले जंत? डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाच्या पोटात एक लांब पट्टीसारखा जंत जातो. डॉक्टर त्याला टेपवर्म म्हणतात. मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो मुकाट्याने राहतो. त्या माणसाच्या विष्ठेतून मात्र त्याची अंडी बाहेर पडतात. ती मातीत, पाण्यात, पालेभाजीवर, न धुतलेल्या हातावर येतात. आणि जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसाने ती भाजी कच्ची खाल्ली, किंवा तशा हाताने वाढलेला घास घेतला, तर त्या अंड्यांतून निघालेली पिले रक्तावाटे थेट मेंदूत जाऊन बसू शकतात. मग चांगल्या धडधाकट माणसाला फेफरे येऊ लागते. शुद्ध शाकाहारी घरांतूनही असे रोगी सापडतात, हे मेंदूचे डॉक्टर फार दिवसांपासून सांगत आले आहेत.

हे ऐकून कोणी म्हणेल, बघा, त्या मांसखाऊ लोकांमुळे आम्हांला भोगावे लागते! तसे नाही. डुकराला तो जंत होतो तो माणसाच्या उघड्यावर पडलेल्या विष्ठेमुळे. दोष ताटातला नाही, संडास नसण्यातला आहे. चाकणला किंवा कुदळवाडीला एका खोलीत आठ-दहा परप्रांतीय कामगार राहतात, आणि साऱ्या चाळीला मिळून दोन संडास, त्यांतला एक मोडका. असे असता त्या पोरांना घाणेरडे म्हणून नाक मुरडणारे सद्‌गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांपैकी किती जणांनी चाळमालकाकडे जाऊन तिसऱ्या संडासाची मागणी केली असेल? माळ गळ्यात असो वा नसो, या बाबतीत आपण सारे एका पंगतीला बसलो आहो. तुमच्या आरोग्याची किल्ली शेजाऱ्याच्या संडासात आहे. ऐकायला हे ओंगळ वाटेल, पण खरे आहे.

आता नारूची कथा सांगतो. आमच्या मते या सगळ्या प्रश्नाचे मर्म तिच्यात आहे.

आजच्या तरुणांनी नारू पाहिलेला नाही, हे त्यांचे भाग्य. पाहिलेली म्हातारी माणसे अजून आहेत. पायाला, बहुधा घोट्याजवळ किंवा पोटरीला, फोड यावा, तो फुटावा, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढावा. लांबी दोन-तीन फूट, कधी मीटरभरसुद्धा. तो ओढून निघत नसे. तुटला तर पाय सुजून जीवावर बेते. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा, असे कित्येक दिवस, कित्येक आठवडे. तोवर माणूस अंथरुणाला खिळलेला. आणि हे बहुधा ऐन पेरणी-कापणीच्या दिवसांत. याच्यावर औषध नव्हते आणि आजही नाही. लसही नाही.

हा येई कसा? फोडाची आग आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवी. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा होत्या. पायऱ्या उतरावे, गुडघाभर पाण्यात उभे राहावे, की बरे वाटे. पण त्याच क्षणी तो जंत आपली हजारो पिले पाण्यात सोडून देई. ती पिले पाण्यातल्या एका बारीक किड्याच्या पोटात जात. दुसरा कोणी वाटसरू तेच पाणी ओंजळीने पिऊन तृप्त होई, "विठ्ठल विठ्ठल" म्हणून वाटेला लागे, आणि सुमारे वर्षभराने त्याच्या पायाला फोड येई. येथे दुष्ट कोणीच नाही. एकाला दुखण्यात थंडावा हवा होता, दुसऱ्याला तहानेत पाणी हवे होते. दोघांचेही सुख अगदी निर्दोष. तरी त्या दोन निर्दोष सुखांची गाठ विहिरीत पडली की रोग चालू राही.

आपल्या देशात नारूच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला. ज्या राज्यांत रोग होता त्यांत राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात यांच्याबरोबर आपला महाराष्ट्रही होता. उपाय कोणते केले? पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या, हातपंप बसविले, पाण्यात किडे मारणारे औषध घातले. आणि घरोघरी सांगितले की हंड्याच्या तोंडाला फडके बांधा, पाणी गाळून प्या, आणि ज्याच्या पायाला नारू निघाला आहे त्याने पाण्यात पाय घालू नये, त्याला पाणी दुसऱ्याने आणून द्यावे. देशातला शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ साली जगात वर्षाला सुमारे पस्तीस लाख माणसांना हा रोग होत होता. २०२४ साली साऱ्या जगात मिळून पंधरा रोगी सापडले, तेही आफ्रिकेतल्या थोड्या देशांत. लस नाही, औषध नाही, तरी पस्तीस लाखांचे पंधरा झाले! त्यात मोठा वाटा फडक्याचा आहे, आणि पायाची आग सोसून पाण्याबाहेर थांबलेल्या माणसाचा आहे.

त्या माणसाचा थोडा विचार करावा. फडके बांधतो तो स्वतःसाठी बांधतो, हे झाले शहाणपण. पण नारू झालेल्याला पाण्यात न उतरण्याने स्वतःचा काडीचा लाभ नव्हता. त्याला तर व्हायचा तो रोग झालाच होता. पुढल्या वर्षी कोणा अनोळखी माणसाच्या पायाला फोड येऊ नये एवढ्यासाठी त्याने आजचा थंडावा सोडला. याला आम्ही तप म्हणतो. आणि आमच्या वाचकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. त्यांची सारी काळजी स्वतःभोवती आणि स्वतःच्या मुलीभोवती फिरते आहे. माझ्या पाण्यात काय आहे? माझ्या घासात काय आहे? अशी काळजी कधी संपत नाही, कारण संशयाला तळ नसतो. माझ्या हातून दुसऱ्याच्या पाण्यात काय जाते, असे ज्याने विचारले त्याला मात्र करण्यासारखे काम सापडते. कामाला शेवट असतो. हात धुऊन झाले की झाले.

काळजीची एक वेळ असते. पाणी उकळताना, भाजी धुताना, पोराची नखे कापताना, शौचाहून आल्यावर साबण लावताना ती खुशाल करावी, मन लावून करावी. ताट वाढल्यावर करू नये. "वदनी कवळ" म्हणायच्या वेळी जर कवळाची चौकशी चालली असेल, तर ते जेवणही नव्हे आणि आरोग्यशास्त्रही नव्हे. आमच्या ओळखीत एक जण आहेत. तपासणीत काही निघाले नाही तरी दर महिन्याला शौचाची तपासणी करवून घेतात. डॉक्टर म्हणतात, काही नाही. हे म्हणतात, यंत्र चुकले असेल. मग कोणाला न विचारता जंताच्या गोळ्या घेतात. अंगावर काही चालल्याचा भास होतो म्हणतात. अशा माणसाला हसू नये. त्याला दुखणे आहेच, पण ते पोटात नाही, आणि त्याने त्या दुखण्याच्या डॉक्टराकडे जावे, संकोच धरू नये. अशा चिंतेला आम्ही जंतच म्हणतो. तो माणसाला मारीत नाही, त्याच्याच अन्नावर जगतो, आणि त्याला खाल्लेले अंगी लागू देत नाही.

आता काल्याकडे वळतो. येथे आम्हांस थोडे कडक बोलावे लागेल.

काला म्हणजे नुसता दहीपोहे नव्हे. जातपात, मानपान विसरून एकाने दुसऱ्याच्या मुखी घास घालायचा, हा त्याचा अर्थ. वारकऱ्यांनी हे शेकडो वर्षे केले, आणि तरीही चोखोबांची समाधी महाद्वारापाशी पायरीजवळच राहिली. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे पंढरीच्या मंदिराची दारे हरिजनांसाठी उघडण्याचे ठरले. इतक्या कष्टाने जे सोवळे आपण दाराबाहेर काढले, ते आता साबणाचा वास लावून मागल्या दाराने आत येऊ पाहत आहे, अशी आम्हांस धास्ती वाटते. "त्यांच्या हातचं नको, कसे राहतात कुणास ठाऊक" हे वाक्य आजोबांच्या तोंडी होते तेच नातवाच्या तोंडी आले आहे. फक्त विटाळाच्या जागी जंतू आले.

मग स्वच्छता आणि सोवळे यांतला भेद ओळखावा कसा? आमची कसोटी सोपी आहे. अस्वच्छ हात साबणाने आणि पाण्याने अर्ध्या मिनिटात स्वच्छ होतो, मग तो कोणाचाही असो. सोवळ्याच्या दृष्टीने हलका ठरलेला हात मात्र शंभर वेळा धुतला तरी हलकाच. तेव्हा काल्याच्या आधी मंडपाच्या तोंडाशी नळ आणि साबण ठेवावा, विणेकऱ्यापासून पोरासोरांपर्यंत सर्वांनी हात धुवावे, महाराजांनीही धुवावे, आणि मग मोकळेपणी काला करावा. हे झाल्यावरही जर कोणाचा घास नकोसा वाटला, तर तिथे जंतूंचा काही संबंध नाही, दुसरे काहीतरी आहे, आणि ते स्वतःशी तपासून पाहावे. त्या म्हाताऱ्या माळकऱ्याचे हात धुतलेले होते की नाही, हे आमच्या वाचकाने लिहिलेले नाही. नसतील, तर मान फिरविण्याऐवजी, "माउली, चला, दोघे मिळून हात धुऊ," असे म्हणता आले असते. म्हातारबुवा त्यालाही हसलेच असते, आणि आले असते.

गाडगे महाराजांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गावात आले की आधी खराटा, मग कीर्तन. १९५६ साली ते गेले. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळांतून आजही यात्रेकरू उतरतात. घाणीची त्यांना भीती नव्हती, म्हणून तर त्यांनी ती हातांनी उचलली. घाणीला भिणारा माणूस घाण काढीत नाही, तो तिच्यापासून लांब जातो आणि ती तिथेच राहते.

एक शंका आणखी उरते. अहिंसेचा विचार करणाऱ्यांकडून ती आम्ही ऐकली आहे. जंत हाही जीवच, मग गोळी देऊन त्याला मारणे ही हिंसा नव्हे काय? शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण सांगताना माउलींनी वैद्यकाचीही झडती घेतली आहे. एका जिवासाठी दुसऱ्या जिवाचा घात करण्याची ही वाट त्यांना सरळ वाटत नाही. आणि त्याच अध्यायात अहिंसक पुरुष जमिनीवर पाऊल कसे जपून टाकतो याचे वर्णन आहे. आम्ही याचा अर्थ असा घेतो की उपाय करावा, पण उपायाचा गर्व करू नये. पोटच्या पोरीचे रक्त जंताला पिऊ देणे ही काही अहिंसा नव्हे. तिचा सांभाळ आपल्यावर सोपविलेला आहे, जंताचा नाही. गोळी द्यावी. पण गोळी देण्याची वेळ न येईल असे वागणे अधिक चांगले, कारण त्यात पोरीलाही त्रास नाही आणि जीव मारण्याचा प्रसंगही नाही. आपल्याकडे जैन मंडळी पाणी गाळतात ती पाण्यातले जीव वाचावे म्हणून. नारूसाठी पाणी गाळले ते माणूस वाचावा म्हणून. फडके एकच.

वारीच्या वाटेवर हे सारे कसे साधावे, तेही थोडे सांगतो. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीस मुक्काम करते, म्हणजे या कारखान्यांच्या मुलखातच. अनवाणी चालण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांनी तो पाळावा, पण शौचाला जाताना तरी पायांत वहाण असावी. उघड्यावर बसू नये. आता वाटेवर फिरती शौचालये उभी करतात, तिथे रांगेत उभे राहावे लागले तरी राहावे. माळरानावर मोकळे होऊन आपण पुढच्या मुक्कामाला निघून जातो, मागे त्या गावची पोरे त्याच मातीत खेळतात. माठातून पाणी ओगराळ्याने घ्यावे, पेला बुडवू नये. कापून ठेवलेली काकडी-कलिंगडे सोडावी, सोललेले केळे खुशाल खावे. गरम पिठलं-भाकरीला तर शंका घेऊच नये. आळंदीला इंद्रायणीचे पाणी मस्तकी लावावे, ओंजळ सोडावी, नमस्कार करावा. पोटात मात्र घरून आणलेले उकळलेले पाणी जावे. नाक-तोंड बुडवून डुबकी मारण्याचा हट्ट तूर्त नको, आणि लहान मुलांना तर नकोच. रसायनांचा फेस असेल तिथे उकळण्यानेही काही होत नाही, कारण उकळीने जंतू मरतात, रसायने जात नाहीत.

दिंडीत एक बाई डोक्यावर तुळशीवृंदावन घेते आणि दुसरी पाण्याचा हंडा घेते, हे आपण नेहमी पाहतो. तुळशीवाल्या बाईच्या सगळे पाया पडतात. हंडावालीकडे पाणी मागतात, पितात आणि पुढे जातात. आमच्या मते त्या हंड्यात कोणते पाणी भरले, गाळले की नाही, उकळले की नाही, हे पाहणे दिंडीचालकाचे काम आहे, जसे अभंगांचा क्रम पाहणे आहे. एवढी व्यवस्था झाली की मग पिणाऱ्याने विचार करू नये, टाळ वाजवावा.

आणि इंद्रायणीच्या फेसाचे काय? ते एका हंड्याच्या फडक्याने होणारे काम नव्हे. गावागावांत मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रे हवीत, ती नुसती बांधलेली नकोत, चालू हवीत. कारखान्यांच्या सांडपाण्यावर डोळा हवा. आणि नगरपालिका, महानगरपालिका, औद्योगिक महामंडळ यांच्या दारी जाऊन विचारणारे लोक हवेत. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ साली झाली, तेव्हापासून वस्ती किती वाढली हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. विचारणाऱ्यांत वारकरी किती आहेत, हा आमचा प्रश्न आहे. कारण पाणी कोठे जाते ते पाहा. मोशी-चिखलीच्या मोरीतले पाणी इंद्रायणीत, इंद्रायणी तुळापुरास भीमेत. चिंचवड-पिंपरीचे पाणी पवनेत, पवना दापोडीस मुळेत, मुळा-मुठा पुढे भीमेतच. भीमा उजनीच्या धरणात थांबते, तेथून सुटते, आणि पंढरपुरास चंद्रकोरीसारखी वळते.